वास खरा होता

“वास येनारच ना बाय,” नवसी म्हणाली, “मीच तर दिली.”

माझं बोट कागदावरच्या त्या ओळीवर होतं, ते तिथेच राहिलं. समोरच्या बाकावर नवसी आणि तिच्याशेजारी तिचा सासरा देवूबाबा, दोघं अंग चोरून बसलेली. माझा इंग्रजीचा क्लास बोईसरला एका कोंबडीच्या दुकानाच्या माडीवर भरतो. पहिली पाळी सुटली की कंपन्यांतली मुलं येतात. त्याआधी दुपारी मी लोकांचे अर्ज, उत्तरं, मेल इंग्रजीत लिहून देते. नवऱ्याकडून परत आलेल्या बाईला इंग्रजी येत असलं तर ती बोईसरमध्ये उपाशी मरत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते. नवसीचा नवरा अंकुश कंत्राटावर होता. गेल्या महिन्यात एका कारखान्यात टाकी धुवायला आत उतरला, आत गॅस साठलेला, आणि वर आला तो दोरीने बांधून. त्या मरणावर कारखान्याने जो अहवाल लिहिला तो माझ्यासमोर होता. सगळा अहवाल गुळगुळीत, आणि मधेच हे एक वाक्य: मृताच्या तोंडाला मद्याचा वास येत असल्याचे आढळून आले. बस्स. प्यायला होता असं कुठेही म्हटलेलं नाही. ते वाचणाऱ्यावर सोडलेलं. मी मराठीत अर्थ सांगितला तेव्हा मला वाटलं होतं नवसी रडेल, शिव्या घालेल, माझा अंकुश असा नव्हता म्हणेल. ती म्हणाली, वास येनारच.

“तू दिलीस म्हणजे? टाकीत उतरायच्या आधी?”

“नाय गो बाय! तो तर कामावर दारूला हात पन नाय लावायचा. सपना झाली तवापासून घरात पन नाय. मी दिली ती हास्पिटलात.” तिने आपल्या उजव्या हाताचं बोट वर केलं, मला दाखवायला. “असं भिजवून ओठाला लावलं.”

मग देवूबाबाने सांगितलं, थांबत थांबत. मनोरच्या पलीकडे डोंगरात त्यांचा पाडा. तिथे फोन आला की पोरगा सिरीयस आहे. “बाय, असा फोन आला का म्हाताऱ्या मानसाला समजतं,” तो म्हणाला. त्याने निघताना मोहाची थोडी दारू बाटलीत घेतली, कमरेला खोचली, आणि जीपने उतरला. त्यांच्यात जाणाऱ्याचं तोंड कोरडं ठेवत नाहीत. वाट लांबची, पलीकडे वाडवडील बसलेले, त्यांच्यात जाऊन बसायचं तर तोंड ओलं लागतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात अंकुश स्ट्रेचरवर होता. जीव होता का गेला होता ते नवसीला कळलं नाही. “पन ओठ हालले,” ती म्हणाली, “माझ्या बोटाला समजले.” नवसीने ते केलं तेव्हा कारखान्याचा एक साहेब नाकाला रुमाल लावून जवळच पाठमोरा उभा होता. मग अंकुशला आत नेलं. साहेबाने वास घेतला, आणि लिहिला.

माझ्या मागे फळा होता आणि फळ्यावर, नशीब बघा कसं चेष्टेखोर असतं, सकाळपासून तोच विषय लिहिलेला. लॅबमध्ये काम करणाऱ्या नीलेशने आदल्या दिवशी विचारलं होतं, मॅडम, समोरच्याने पाठवलेली माहिती फसवी आहे हे मेलमध्ये कसं लिहायचं, पण त्याला झोंबलं नाही पाहिजे. मी म्हटलं, उद्या पूर्ण तास त्यावरच घेते. फॉल्स म्हणजे सरळ खोटं. बेसलेस म्हणजे बुडाला काही नाही. कुक्ड अप म्हणजे शिजवलेलं, हे साहेबाला लिहू नये. हाफ ट्रुथ. आउट ऑफ कॉन्टेक्स्ट. आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित, मिसलीडिंग. पुढे मी मराठीत लिहिलं होतं, दिशाभूल करणारे, आणि लिहितानाच मला ते पटलं नव्हतं. दिशाभूल म्हटलं की सरकारी बातमी वाचल्यासारखं वाटतं. कोणी कोणाला घरात म्हणतं का, तू माझी दिशाभूल केलीस? आपल्याकडे बाई म्हणते, फसवलंस मला. किंवा काहीच म्हणत नाही, आणि ताट वाढते. इंग्रजांकडे मात्र फसवण्याला एवढे शब्द, आणि कुठला किती कडक ते ठरलेलं.

“सपनाला साळंत पोरी बोलतात,” नवसी म्हणाली. सपना तिची मुलगी, आश्रमशाळेत सातवीला. “तुजा बाप पिऊन मेला. ती आता रडत पन नाय, गप बसते. मला दुसरा कायच नको बाय. कागदातली एवडी वळ काढून दे.”

परवा पालघरला चौकशी होती. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्यांना लेखी हरकत द्यायची होती, आणि अहवाल इंग्रजीत म्हणून हरकतही इंग्रजीत द्या असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी म्हटलं, उद्या दुपारी या, लिहून ठेवते. जाताना देवूबाबा दाराशी घुटमळला. चप्पल पायात घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाय, वासच नव्हता असं लिव ना. बाटलीचं आमाला दोघांनाच ठावं. साहेब एकटाच बोलतोय.” जिन्यावरून त्यांची पावलं उतरली आणि खालच्या कोंबड्या उगाच कलकलल्या.

त्या दिवशी मी क्लास कसा घेतला, माझं मला माहीत. नीलेश विचारत होता, मॅडम, मिसलीडिंग आणि फॉल्समध्ये फरक काय, दोन्ही खोटंच ना? मी म्हटलं, नाही रे बाबा, मिसलीडिंग खोटं नसतं, तिथेच तर मेख आहे. प्रत्येक शब्द खरा असतो. मुलं लिहून घेत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर वापीच्या फ्लॅटचं पितळी कुलूप आलं. कितीही दाबलं तरी ते येतंच. मुलीच्या ताब्यासाठी आलेल्या त्या नोटिशीतला शब्द न् शब्द खरा होता. प्रतिवादी ही तापाने फणफणलेल्या अज्ञान मुलीस घरात एकटी सोडून, दारास बाहेरून कुलूप लावून निघून गेली. गेले होते. माझ्या किंजलला एकशे तीन ताप होता, औषधाची बाटली रिकामी झाली होती, हितेशचा फोन लागत नव्हता. आठ वर्षांच्या पोरीला त्या तापात खांद्यावर टाकून नेऊ का घरात ठेवू? मी ठेवलं, आणि उठून दार उघडेल म्हणून कुलूप लावलं. जवळचं दुकान बंद होतं, मला स्टेशनापर्यंत जावं लागलं. नेमका तेवढ्यात हितेश, म्हणजे माझा नवरा, म्हणजे तेव्हाचा, घरी आला आणि त्याने कुलपाचा फोटो काढला. चावी त्याच्या खिशात होती. दार उघडून लेकीजवळ जायचं सोडून ह्या माणसाने आधी फोटो काढला! आमचं आधीपासून बिनसलेलंच होतं, त्याला फक्त कागद हवा होता. माझ्या वकिलाने उत्तर दिलं ते त्यांच्या नेहमीच्या साच्यातलं, फॉल्स, बेसलेस अँड डिनाइड. सगळ्याच कलमांना तेच. मी म्हटलं, अहो पण मी गेले होते, औषधाला गेले होते, ते लिहा ना. ते म्हणाले, मॅडम, गेले होते म्हटलं की संपलं, औषध कोण बघतंय. मग वॉचमन आला आणि म्हणाला, बाईंना मी जाताना पाहिलं. तोही खरंच बोलला बिचारा. त्यानंतर माझ्या कुठल्याच बोलण्याला किंमत राहिली नाही. एम.ए. इंग्लिश, आणि त्या दिवशी मला हवा होता तो एक शब्द माझ्या तोंडात आला नाही. आता फळ्यावर दोनदा अधोरेखित करते. बैल गेला नि झोपा केला.

रिक्षाने पामला, आमच्या गावी, घरी येताना वाऱ्याबरोबर एमआयडीसीचा तो नेहमीचा वास आला, सडक्या फळासारखा गोड. रिक्षातल्या कुणी नाकसुद्धा चोळलं नाही. ह्या वासाची कुठे नोंद होत असेल का, असा मेला विचार आला. मग वाड्या लागल्या, नारळ आले, आणि तो वास मागे पडला. आमच्या आईचं, सुलूबाईचं, ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडणं चाललं होतं. तिला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय ती जेवायला देत नाही.

“त्यांच्यात तसंच असतं गो,” ती म्हणाली. “तुजे बाबा गेले तवा आपण तुळशीपान नाय ठेवलं तोंडात? आता तुळशीचा वास कोण कागदावर लिवत नाय म्हणून बरं. पण तू लिवशील काय?”

“खरं ते लिहीन. वास होता, पण तो नंतरचा. प्यायला नव्हता.”

“आणि तो साहेब वाचून काय म्हणल? म्हणजे बाटली तुमच्याकडंच होती! हात दाखवून अवलक्षण. वासच नव्हता म्हण, मोकळी हो.” कळ्यांतलं एक सुकलेलं पान तिने बाजूला टाकलं. “खरं बोलून तुजं काय भलं झालं?”

आईला मी कधी सांगितलं नाही की माझ्या उत्तरात खरं नव्हतंच. तिला वाटतं मी खरं बोलले आणि हरले. मला वाटतं मी खोटं बोलले आणि हरले. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, दुसरं काय. मी हात धुऊन पडवीत बसले आणि किंजलला फोन लावला. आमचा फोनचा वार रविवार, आणि हा काही रविवार नव्हता. तिने उचलला तोच घाबरून, मम्मी काय झालं? ती आता तेरा वर्षांची आहे. वापीला बापाकडे राहते. मराठी बोलताना मधेच गुजराती हेल काढते, तो मला आवडतो आणि टोचतो. मी म्हटलं काही नाही गं, सहज. मग न राहवून विचारलं, तुला ताप आला होता, मी कुलूप लावून गेले होते, आठवतं का तुला? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. जीभ उचलत नव्हती. मला वाटत होतं की तिला सगळं आठवत असणार. मी परत आले तेव्हा धापा टाकत होते, पदराने तिचं तोंड पुसलं, चमच्याने औषध पाजलं, तिने कडू म्हणून थुंकलं आणि मी पुन्हा पाजलं. ह्यातलं काहीतरी तिच्यात असणार, कोर्टाला नसलं तरी. तेवढ्यावर तर मी जगत होते.

“मम्मी, मला तर काय आठवतच नाय,” किंजल म्हणाली. “मी छोटी होते ना. पप्पांनी फोटो दाखवलेला, लॉकचा. तो आठवतो.”

मी म्हटलं, बरं. अभ्यास कर. आईने हाक मारली तेव्हा हातातला फोन काळा पडला होता. मला राग आला नाही. राग यायला कुणीतरी समोर लागतं. मला नुसतं वाईट वाटलं. औषध गेलं, चमचा गेला, पदर गेला. फोटो तेवढा राहिला. कागदावर राहतं तेच पोरांच्या डोक्यात राहतं, आणि सपनाच्या डोक्यात काय राहणार होतं? त्याक्षणी मी ठरवलं. मिसलीडिंग घाला चुलीत. तो शब्द समजायला समोर शहाणा माणूस लागतो, आणि पालघरला कोण बसलेलं असेल देव जाणे. फॉल्स लिहायचं. साफ. वास नव्हता. पोस्टमॉर्टेमचा कागद यायचा आहे, त्यात पोटात काही सापडणार नाही, म्हणजे साहेबच उघडा पडेल. माझ्या वकिलाचं उत्तर हुकलं ते वॉचमनमुळे. इथे वॉचमन नाही. मी जेवले नाही, आईने चार शब्द सुनावले, ते ऐकून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आली तेव्हा कागद छापून तयार होता. नवसीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, जणू पालघरला आजच जायचंय. मी पाणी दिलं. खाली सुरा ठोकल्याचा आवाज येत होता आणि क्लासमध्ये पंखा गरगरत होता. मी म्हटलं, आता मी वाचते आणि मराठीत सांगते, नीट ऐका, तिथे कुणी विचारलं तर हेच बोलायचं. माझा आवाज वकिलासारखा झाला होता. मला तो ऐकू येत होता, आणि मी तसाच चालू ठेवला. सदर विधान खोटे व निराधार आहे. मयताच्या तोंडास कोणताही वास नव्हता. दवाखान्यात मयतास आम्ही कुणी मद्य किंवा अन्य काही दिलेले नाही.

देवूबाबाने मान हलवली. “ब्येस,” तो म्हणाला.

नवसी माझ्या तोंडाकडे बघत होती. “ते शेवटचं परत बोल.”

“आम्ही कुणी त्याला काही दिलेलं नाही.”

“असं लिवलंय?”

“हो. म्हणजे साहेबाचं म्हणणं खोटं पडतं. आणि सपनाला कुणी बोलणार नाही.”

तिने सासऱ्याकडे बघितलं. सासरा भिंतीकडे बघत होता. मग तिने तो कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं तरी खालून वर, वरून खाली बघितला, आणि परत माझ्यापुढे ठेवला. अलगद ठेवला, टाकला नाही.

“नाय बाय,” ती म्हणाली. “हे पुसून टाक.”

“अगं नवसी...”

“नाय. मी सही करंन, म्हंजे मी बोलले असं होईल ना? का मी त्याला कायच नाय दिलं. कोरडा धाडला.” तिचा आवाज चढला नाही, पण बोलताना ती पदर दोन्ही मुठींत पिळत होती. “तिकडं सगळी बसलीत. त्याचा आजा, त्याची आय. इचारतील, बायकोनं तोंड ओलं केलं का? तो काय सांगल? कागद दावल? तानेला बसल बाय तो. कायमचा.”

“पोरी, कागद तिकडं कोन नेतंय?” देवूबाबा पुटपुटला. पण त्याचं त्यालाच ते पटलं नसावं, कारण लगेच त्याने डोळ्यांना हाताची पालथी मूठ लावली. बाटली त्यानेच तर आणली होती. मुलगा जाणार हे कळून, जीपमध्ये गुडघे जवळ घेऊन, ती कमरेला सांभाळत.

मी तिला समजावलं. देवाशप्पथ, समजावलं. म्हटलं, खरं लिहिलं तर ते हसतील. म्हणतील, हो का, नंतर पाजली का, आणि आधी कुणी पाजली? ती ओळ कदाचित निघणारच नाही. हरशील गं. ती म्हणाली, हसूं दे. मी म्हटलं, आणि सपना? तेव्हा मात्र तिने कागदाला पुन्हा हात लावला. मला वाटलं आता ती म्हणेल, बरं, दे सही करते. आणि खरं सांगते, माझ्यातली एक बाई वाट बघत होती की तिने तसं म्हणावं, म्हणजे माझं एकटीचं काही चुकलं नव्हतं असं झालं असतं.

“सपनाला काय ते मीच सांगंन,” नवसी म्हणाली. “बापाला आयनं कोरडा धाडला, हे तिला कसं सांगू?”

मी जुना कागद फाडला नाही. नुसता उलटा घातला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. फळा अजून पुसलेला नव्हता. मी लिहिलं की विधानातला वास खरा आहे. लिहिलं की विधान तरीही मिसलीडिंग आहे, कारण ते वास कधीचा, कुणामुळे, कशासाठी हे सांगत नाही. आणि मग नवसी जसं बोलत गेली तसं लिहिलं. व्हरांडा, स्ट्रेचर, बोट. तो इंग्रजी शब्द पाच वर्षं उशिरा का होईना माझ्या हातून नीट जागी बसला, दुसऱ्याच्या कागदावर. मधे एकदा चष्मा काढून पुसावा लागला. नवसीने विचारलं, “बाय, तुला काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, पंख्याची धूळ.

छापून झाल्यावर तिने सही केली. अक्षरं सुटी सुटी, पण सगळी. देवूबाबाने अंगठा दिला. मग कागदाची घडी घालता घालता ती थांबली.

“हे सपनाला वाचता येल?”

“इंग्रजीत आहे गं. अजून नाही यायचं.”

“मंग मराठीत पन दे. साळंत नेऊन देते. वाचू दे तिला, आन पोरींना पन वाचू दे.”

खाली जिन्यात पोरांचे आवाज यायला लागले होते, पाळी सुटली होती. मी कोरा कागद घेतला. वर सदर विधान असं लिहिलं आणि खोडलं. दिशाभूल लिहिलं, तेही खोडलं. ती साक्षर नव्हती, पण मी खोडतेय हे तिला दिसत होतं आणि ती काळजीत पडली की मराठी मला येत नाही की काय. शेवटी मी पोरीला लिहितात तसं लिहिलं. सपना, तुझ्या बाबाच्या तोंडाला दारूचा वास होता हे खरं आहे. तो तुझ्या आईच्या बोटाचा होता.